जाळी बाहेरून हवी

आजचा विषय जरा रुक्ष आहे: खिडक्या. पण इकडे बॉस्टनच्या आसपास ज्यांनी जुनं घर घेतलंय किंवा घ्यायचा विचार चाललाय, त्यांना हा विषय आज ना उद्या गाठणारच. आणि आपल्यासारख्या घरांच्या दृष्टीने त्यात दोन-तीन गोष्टी अशा आहेत, की त्या खिडक्या विकणारे सहसा सांगत नाहीत. त्यांचा त्यात दोष नाही, त्यांना कुणी विचारतच नाही.

आमचं घर १९२६ सालचं. खिडक्या चौदा. सांगलीकडे खिडकी म्हटलं की लोखंडी गज आणि दोन झडपा. इथली जुनी खिडकी वेगळीच. एकावर एक अशी दोन तावदानं, दोन्ही आपापल्या खाचेतून वर-खाली सरकणारी. हिला डबल-हंग म्हणतात. फक्त खालचंच तावदान सरकत असेल तर ती सिंगल-हंग. तावदान अर्धवट वर ढकलून हात सोडला तरी ते पडत नाही, तिथेच थांबतं. कारण चौकटीच्या मागे भिंतीत एक पोकळी असते, तिच्यात बिडाची लांबट वजनं दोरीला टांगलेली असतात, आणि ती दोरी कप्पीवरून येऊन तावदानाला बांधलेली असते. तावदान वर जातं तेव्हा वजन खाली येतं. इतकी साधी युक्ती, आणि शंभर वर्षं चालते. मला तिचं कौतुकच आहे. पण त्या युक्तीची किंमत अशी, की प्रत्येक खिडकीच्या दोन्ही अंगांना भिंतीत एकेक उभी रिकामी नळी राहते. तिच्यात ऊब धरणारं काहीही भरलेलं नसतं. जानेवारीत कप्पीच्या भोकासमोर हात धरला तर वाऱ्याची बारीक धार लागते.

अशा खिडकीच्या बाहेरून आणखी एक काच लावतात, ती स्टॉर्म विंडो. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या, बहुधा सत्तरच्या दशकातल्या.

आता मूळ मुद्दा. इथे ऑक्टोबरात थंडी पडू लागली की लेडीबगचे थवे घरांकडे वळतात. लालसर, ठिपक्यांचे, दिसायला गोड. ऊन लागणाऱ्या भिंतीवर जमतात आणि सापडेल त्या फटीतून आत शिरतात, कारण त्यांना हिवाळा काढायला आडोसा हवा असतो. वजनांची ती पोकळी म्हणजे त्यांच्यासाठी धर्मशाळाच. अडचण पुढे येते. फेब्रुवारीत एखाद्या उबदार दुपारी ते जागे होतात, उजेडाकडे निघतात आणि तावदान आणि स्टॉर्मच्या मधल्या जागेत अडकतात. रात्री पारा उणे पंधरावर गेला की सकाळी खिडकीच्या पट्टीवर सडा पडलेला असतो. माश्यांचं तसंच. मी रंगाच्या मऊ कुंच्याने आणि पोस्टकार्डाने जिवंत असतील तेवढे उचलून गॅरेजमध्ये नेऊन सोडायची. चौदा खिडक्या, रोज सकाळी. नवरा म्हणायचा, तुझं सामायिक खिडकीशीच होतं.

दुसरी गोष्ट ओलीची. आपला स्वयंपाक म्हणजे वाफ. कुकर, उकळती आमटी, धुतलेले कपडे आत वाळत घातलेले. काच थंड असली की ती वाफ तिच्यावर बसते, ओघळून खाली लाकडावर येते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, हे बोटावर मोजणाऱ्या आपण. बुरशी म्हणजे अनंतकाय, तिला पायसुद्धा लागू नये म्हणून लहानपणी परड्यातल्या शेवाळावरून उडी मारून जायला शिकलेल्या. आणि इथे दर आठवड्याला ब्लीचची बाटली घेऊन तीच पुसायची. न पुसावी तर घरातल्या माणसांच्या छातीला त्रास.

तिसरी गोष्ट सुतार मुंग्यांची. ह्या मुंग्या वाळवीसारखं लाकूड खात नाहीत, ओलं आणि मऊ झालेलं लाकूड कोरून त्यात घर करतात. आमच्या उत्तरेकडच्या दोन खिडक्यांच्या खालच्या पट्ट्या इतक्या कुजल्या होत्या की किल्ली टोचली तर आत जायची. तिथे त्या आल्या. इथे त्यावर एकच उपाय सुचवतात, फवारणी. आलेला माणूस भला होता. माझा चेहरा बघून त्याने सांगितलं, लाकूड कोरडं आणि टणक असेल तर ह्या येतच नाहीत, आधी खिडकीचं बघा.

यत्नाचार हा शब्द मी कित्येक वर्षं पाणी गाळणं, धान्य निवडणं, दिवा झाकणं याच्याशीच जोडत आले. जीव एकदा येऊन बसला की मग आपल्या हातात असलेले सगळे पर्याय वाईटच असतात. तो येण्यासारखी जागाच होऊ न देणं हे आधीचं काम. खिडक्यांचा खर्च करायचा की नाही यावर आमच्या घरात वर्षभर चर्चा चालली होती, ती त्या फवारणीवाल्याच्या वाक्यावर थांबली.

जुन्याच दुरुस्त करायच्या हा पर्याय आम्ही गंभीरपणे पाहिला. तुम्हीही पाहा. त्या काळचं लाकूड दाट वाढीचं असतं, नव्या पट्ट्या, नवी दोरी, काचेभोवती नवी पुट्टी असं केलं तर अशा खिडक्या आणखी एक पिढी सहज निघते, आणि चांगल्या बसणाऱ्या स्टॉर्म विंडोसह त्यांची ऊब धरायची ताकद वाटते तितकी वाईट नसते. ज्यांच्या खिडक्या कुजलेल्या नाहीत त्यांनी कुणाचं ऐकून त्या उपटू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. अपरिग्रहाच्या हिशेबानेही तेच बरोबर. आमच्या चौदापैकी बऱ्याच खालून गेलेल्या होत्या आणि पोकळ्यांचा प्रश्न दुरुस्तीने सुटत नव्हता. म्हणून माळ्यावरची एक सोडून बाकीच्या तेरा बदलल्या.

कशाच्या घ्यायच्या? अ‍ॅल्युमिनियम भारतात सर्रास चालतं, पण इथल्या थंडीत ते उष्णता सरळ बाहेर पोचवतं आणि आतून चौकटीलाच घाम येतो. लाकडाला बाहेरून पत्रा चढवलेल्या खिडक्या सुंदर असतात, पण पाणी एकदा पत्र्याच्या मागे गेलं की पुन्हा तेच कुजणं, आणि ते दिसत नाही म्हणून जास्त वाईट. मग राहतात दोन: व्हिनाइल, म्हणजे आपलं पीव्हीसी, आणि फायबरग्लास.

फायबरग्लास म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे गच्चीवरचे हिरवे लहरी पत्रे आले. कोकणात फायबरच्या होड्या बघितल्या असतील, तेच कूळ. खिडकीसाठी मात्र ते वेगळ्या रीतीने करतात. काचेच्या धाग्यांचे जुडगे रेझिनमध्ये भिजवून तापलेल्या साच्यातून ओढून काढतात, शेवयांच्या यंत्रातून पीठ यावं तसे, फरक एवढाच की इथे मागून रेटायचं नसतं, पुढून ओढायचं असतं. याला पल्ट्रूजन म्हणतात. धागे लांबीच्या दिशेने राहतात, म्हणून पट्टी बारीक असूनही वाकत नाही. ती कुजत नाही, मुंग्यांना कोरता येत नाही, आणि रंगवता येते.

पण मला पटलेलं कारण निराळं होतं. इथे हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत पन्नास अंश सेल्सियसचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने दीड मीटर लांबीची पीव्हीसीची पट्टी चार-पाच मिलिमीटर वाढते-आटते. तेवढ्याच लांबीची काच पाऊण मिलिमीटरही नाही. दोघांना एकत्र डकवून ठेवलेलं असतं, म्हणजे दरवर्षी त्या सांध्यावर ओढाताण. सांधा सुटला की दोन काचांच्या मधला आर्गॉन वायू जातो, आत दमट हवा शिरते आणि काच कायमची धुरकट होते, ती पुसता येत नाही. फायबरग्लास मुळात काचेच्याच धाग्यांचं असल्यामुळे ते जवळपास काचेइतकंच वाढतं. चौकट आणि काच एका चालीने चालतात. टिकाऊपणाचा सगळा दावा ह्या एका गोष्टीवर उभा आहे, आणि तो मला जाहिरातीतल्या कुठल्याही वाक्यापेक्षा खरा वाटला.

उणी बाजूही सांगते. एक, महाग. आम्हाला मिळालेल्या भावांत ते व्हिनाइलच्या दीडपटीच्या घरात होतं. दोन, हे रेझिन एकदा आवळलं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे पन्नास वर्षांनी त्याचं दुसरं काही होणं कठीण. तीन, नावांनी फसायला होतं. मार्विनचं अल्ट्रेक्स हे ओढून काढलेलं फायबरग्लास आहे. अँडरसनचं फायब्रेक्स हे नावाने तसंच वाटतं, पण ते लाकडाचा भुसा आणि पीव्हीसी यांचं मिश्रण आहे. वाईट नव्हे, पण वेगळं. भाव तोलताना एकाच पारड्यात घालू नका.

एका कंपनीचा विक्रेता आमच्या जेवणाच्या टेबलाशी अडीच तास बसला. नाव लिहीत नाही, ही रीत सगळीकडे तीच आहे. त्याने पेटीतून एक गरम दिवा काढला, त्याच्यापुढे आधी साधी काच धरली, मग त्यांची, आणि मला मागे हात धरायला लावला. साध्या काचेतून चटका, त्यांच्यातून काही नाही. सासूबाई तेव्हा इथेच होत्या, त्या प्रभावित झाल्या. पण बघा, त्या दिव्याने फक्त एवढंच दाखवलं की बाहेरचं ऊन आत किती कमी येतं. ते चेन्नईला उपयोगाचं. आम्हाला हवी होती आतली ऊब आत राहणं, आणि हिवाळ्यात तर ऊन आत यायलाच हवं आहे. मग त्याने आकडा काढला, आजच सही केली तर इतके टक्के कमी. सासूबाई मराठीत मला म्हणाल्या, "अगं, उद्या जो भाव द्यायचा नाही तो आज तरी खरा कसा?" त्याला चहा दिला आणि पाठवला.

त्यापेक्षा काचेवर चिकटवलेलं एनएफआरसीचं लेबल वाचायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे. पहिला आकडा यू-फॅक्टर: ऊब किती निसटते, जितका कमी तितका बरा. एकेरी काच १ च्या आसपास, तीवर स्टॉर्म लावली तर ०.५ च्या आसपास, दोन काचांची लेप दिलेली नवी खिडकी पाव-एक. हा आकडा चौकटीसकट अख्ख्या खिडकीचा असायला हवा. विक्रेते कधीकधी नुसत्या काचेच्या मध्यभागाचा सांगतात, तो नेहमी अधिक गोंडस असतो. दुसरा आकडा उन्हाचा, एसएचजीसी: थंड प्रदेशात दक्षिणेकडच्या खिडक्यांना तो फार कमी नको. तिसरा उजेडाचा. हा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. डिसेंबरात इथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आमचं जेवण त्याआधी आटपायचं असतं. तीन काचांची खिडकी ऊब जास्त धरते, पण उजेड थोडा कापते आणि तावदान जड होतं. स्वयंपाकघराला आम्ही दोन काचांचीच घेतली, उत्तरेकडच्या दोन खोल्यांना तीन काचांच्या. चौथा आकडा हवेच्या गळतीचा. तो सगळ्या लेबलांवर नसतो, मागून घ्यायचा. ०.३ ही वरची हद्द, डबल-हंगमध्ये त्याहून पुष्कळ कमी असलेल्या मिळतात.

एनर्जी स्टारची उत्तरेकडच्या पट्ट्याची अट २०२३ च्या ऑक्टोबरपासून कडक होऊन यू-फॅक्टर ०.२२ झाली, ऊन जास्त आत घेणाऱ्या खिडक्यांना थोडी सूट आहे. केंद्र सरकारची आयकरातली सवलत, ३० टक्के आणि वर्षाला जास्तीत जास्त ६०० डॉलर, ही ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. आता कुणी तिचं आमिष दाखवलं तर समजून घ्या.

आता डबल-हंगच का, ह्याकडे येते. ऊबेचाच विचार केला तर दारासारखी बाहेर उघडणारी केसमेंट खिडकी सरस. ती बंद करताना रबरावर दाबून बसते, सरकणाऱ्या तावदानाला मात्र सरकायला थोडी फट लागतेच. सगळे तेच सांगत होते, आणि आमचंही मन तिकडे झुकलं होतं. तेवढ्यात मी एक साधा प्रश्न विचारला, जाळी कुठे असते? केसमेंट बाहेर उघडते, म्हणून तिची जाळी आतल्या बाजूला. डबल-हंगची जाळी बाहेरच्या बाजूला.

हे महत्त्वाचं का, तर पक्ष्यांमुळे. नव्या काचांवरच्या लेपामुळे बाहेरून बघितलं की त्यांच्यात आभाळ आणि झाडं स्वच्छ दिसतात. पक्षी त्या झाडावर बसायला येतो आणि काचेवर आदळतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की अमेरिकेत इमारतींवर आपटून दरवर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी मरतात. मला वाटायचं, हे न्यूयॉर्कच्या काचेच्या मनोऱ्यांचं पाप. तर नाही. उंच इमारतींचा वाटा एक टक्क्याहूनही कमी, आणि एक ते तीन मजली घरांचा, म्हणजे तुमच्या-माझ्या घरांचा, ४४ टक्क्यांच्या आसपास. एकेका घरी वर्षाला दोनचारच, पण घरं किती! आमच्या मागे मॅपलची झाडं आहेत, मे आणि सप्टेंबरात स्थलांतर करणारे इवले वॉर्बलर तिथे उतरतात. ऊब धरणारी चकचकीत काच त्यांच्यापुढे उघडी ठेवायची आणि आत बसून आपण प्रतिक्रमण करायचं, हे मला जमलं नसतं.

बाहेरची जाळी प्रतिबिंब पुसट करते, आणि तरीही कुणी येऊन धडकलाच तर काचेऐवजी ताणलेल्या जाळीवर धडकतो. त्यासाठी जाळी पूर्ण उंचीची हवी. डबल-हंगला अर्धी जाळी आणि पूर्ण जाळी असे दोन्ही प्रकार येतात. अर्धी फक्त खालच्या भागाला असते, बाहेरून घर जरा नीटस दिसतं म्हणून बरेच लोक ती घेतात. पूर्ण मागा, थोडे पैसे जास्त पडतात. वरचं तावदान उघडायचं असेल तरी ती लागतेच, नाहीतर रात्री दिव्यावर किडे आत. आणि हिवाळ्यात ती काढून ठेवू नका. ज्यांच्याकडे आधीच केसमेंट आहेत त्यांनी काचेच्या बाहेरून दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवावेत. ससाण्याच्या आकाराचा एकच स्टिकर लावून काही होत नाही.

बसवण्याच्या दोन रीती आहेत. जुनी चौकट ठेवून तिच्या आत नवी बसवायची, ती इन्सर्ट. किंवा चौकट उखडून भिंतीपर्यंत सगळं मोकळं करायचं. इन्सर्ट स्वस्त आणि झटपट, पण वजनांच्या पोकळ्या तशाच राहतात आणि चौकटीत चौकट आल्यामुळे उघडी जागा कमी होते. निजायच्या खोलीत आगीच्या वेळी माणूस बाहेर पडेल एवढी मोकळी जागा असावी असा नियम आहे, साधारण ५.७ चौरस फूट, आणि डबल-हंगमध्ये एका वेळी अर्धीच खिडकी उघडते. मोजून बघा. आम्ही दुसरी रीत घेतली. पोकळ्या उघडल्या तेव्हा आत गांधीलमाशीची जुनी रिकामी पोळी, लेडीबगच्या ओंजळी आणि १९२० च्या दशकातल्या वर्तमानपत्राचा एक चुरगळलेला तुकडा निघाला. काम मेच्या सुरुवातीला ठेवलं होतं ते मुद्दाम. लेडीबग तोवर बाहेर पडलेले असतात, आणि गांधीलमाशांची नवी पोळी अजून मोठी झालेली नसतात. कंत्राटदाराला कारण सांगितलं तेव्हा तो हसला, पण तारीख दिली.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असणार असंच धरून चाला. तावदान घासून त्याची धूळ होते, आणि लहान मुलांना ती फार वाईट. असं काम करायला परवाना असलेलाच माणूस हवा, तसा कायदा आहे. प्रमाणपत्र बघायला संकोचू नका.

पैसे बिलातून वसूल होतात का? आमच्या हिशेबाने नाही, निदान आमच्या हयातीत नाही. गॅसचं बिल उतरलं आहे, पण खिडक्यांचा खर्च आणि ती बचत यांची गाठ पडायला फार वर्षं लागतील. ज्यांना निव्वळ बचत हवी त्यांनी आधी माळा आणि तळघराचे सांधे भरून घ्यावेत, तिथे कमी पैशात जास्त ऊब राहते. आणखी एक, घर घट्ट झालं की वाफ बाहेर जायची जुनी वाट बंद होते. स्वयंपाक करताना पंखा लावायची सवय मला आता लावून घ्यावी लागली आहे. काचेला घाम येत नाही, कोपरे कोरडे असतात, ब्लीचची बाटली गेल्या हिवाळ्यात उघडली नाही.

सासूबाई ह्या उन्हाळ्यात पुन्हा आल्या तेव्हा त्यांना वरचं तावदान खाली ओढायला शिकवलं. वरून गरम हवा निघून जाते आणि खालच्या फटीतून गार येते, नातवंड खिडकीशी खेळत असलं तर खालचं बंद ठेवून वरचंच उघडता येतं. "अहो आई, धुवायची असेल तर तावदान आत कलतं," असं दाखवलं तर त्या म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर जयसिंगपूरच्या घराला हीच मागवली असती." तिथे गजांचीच बरी, असं मी म्हटलं.

माळ्यावरची चौदावी खिडकी अजून जुनी आहे, दोरी आणि बिडाच्या वजनांसकट. तिची स्टॉर्म विंडो ऑक्टोबर ते एप्रिल खालून दोन बोटं उघडी ठेवते, मध्ये कुणी अडकलंच तर वाट असावी म्हणून.